माझ्यानंतर प्याला कोणाकडे

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाचा प्याला एकच होता आणि तो हातोहात फिरायचा. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरून झालं. आम्ही ख्रिस्ती असलो तरी भांडणाला रामायणच म्हणतो.

प्याला पितळेचा होता, आतून कल्हई केलेला, अर्ध्या शेराहून थोडं जास्त मावेल एवढा. तीन महिन्यांतून एकदा, रविवारच्या उपासनेनंतर, आम्ही जाजमावर अर्धवर्तुळात बसायचो. एका टोकाला पुरुष, पुढे बायका. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, भाकरीचे तुकडे देत, मग पहिल्या माणसाच्या हातात प्याला देत. त्याने एक घोट घ्यायचा, काठ फडक्याने पुसायचा आणि शेजाऱ्याच्या हातात द्यायचा. असं करत प्याला शेवटच्या बाईपर्यंत यायचा आणि तिथून पाळकांकडे परत. द्राक्षारस म्हणजे मनुका उकळून काढलेलं गोड पाणी. मुळशी तालुक्यात, पौडच्या रस्त्यावरच्या आमच्या खेड्यात, दुसरं काय मिळणार?

इतर ठिकाणी पाळक स्वतः प्याला प्रत्येकाच्या ओठाला लावतात. आमच्याकडे तसं चालत नसे, आणि त्याचं कारण माझे सासरे होते. ते मंडळीचे सगळ्यात जुने पंच. त्यांच्या लहानपणी गावाबाहेर दोन जातींचे दोन वाडे होते. गाव दोघांनाही विहिरीवर चढू देत नसे, आणि हे दोन वाडेही एकमेकांच्या हातचं पाणी पीत नसत. सासरे पोरवयात गावात पाणी मागायला जात तेव्हा बाई वरून ओतायची आणि त्यांनी ओंजळ धरायची. पुढे दोन्ही वाड्यांतली काही घरं ख्रिस्ती झाली. पहिल्या प्रभुभोजनाला त्या वेळच्या पाळकांनी प्याला सासऱ्यांच्या वडिलांच्या हातात दिला आणि म्हणाले, आता हा तुम्ही पलीकडच्या वाड्यातल्या माणसाला द्या. वडिलांचा हात थरथरत होता म्हणे. पण दिला, आणि त्या माणसाने तो घेतला, त्यांचं उष्टं प्यायला. सासरे ही गोष्ट वर्षातून दोनदा तरी सांगायचे. मंडळी म्हणजे काय, तर एकमेकांचं उष्टं पिणारी माणसं, एवढीच त्यांची व्याख्या होती. मला ती व्याख्या फार आवडायची. म्हणूनच पुढे मला एवढा राग आला.

मी पुण्याची. ट्रेनिंग कॉलेज करून लग्नानंतर या गावात आले आणि मिशनच्या शाळेत शिकवू लागले. मंडळीत मला सगळे मास्तरीणबाई म्हणत. माझा राग पहिल्यापासून नाकावर असतो आणि तो लपवायची कला मला आजतागायत साधली नाही. मुलगी तीन वर्षांची असताना मला क्षय झाला. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. अठरा महिने मी सॅनेटोरियममध्ये काढले. सुया टोचून टोचून कमरेची चाळण झाली, पण बरी झाले. थुंकी तीन वेळा तपासली, तिन्ही वेळा साफ निघाली. डॉक्टरांनी कागद दिला आणि सांगितलं, "आता तुमच्यापासून कोणाला धोका नाही. आणि हा आजार खोकल्यातून पसरतो, भांड्यांतून नव्हे. घरच्यांना समजावून सांगा."

मी समजावून सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि माझा तांब्या आणि ताट उचलून वेगळं खिडकीत ठेवलं. मी त्यांना आत्या म्हणायची. म्हटलं, "आत्या, कागद दाखवू का?" त्या म्हणाल्या, "कागुद तुज्यापाशीच ठेव. घरात पोर हाय." तो तांब्या पुढे दोन वर्षं तिथून हलला नाही. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना सासूबाईंबद्दल कोणाचा उगाच गैरसमज व्हायला नको.

सासूबाईंचं मला एवढं लागलं नाही. त्या तोंडावर बोलायच्या. लागलं ते सासऱ्यांचं. आजारी पडण्यापूर्वी ते शेतावरून आले की मी पाणी द्यायची. परत आल्यावर पहिल्याच दिवशी मी तांब्या-भांडं पुढे केलं तर म्हणाले, "ठेव खाली, घेतो." मी ठेवलं. ते पाय धुवायला गेले, परत आले, आणि मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हाक मारून पाणी मागितलं. माझं भांडं तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवसापासून मी पाणी पुढे करणं सोडलं. ते एक शब्द वावगं बोलले नाहीत. उलट "पोरी, जेवलीस का" म्हणून रोज विचारायचे. पण माझ्या हातचं पाणी घेतलं नाही ते नाहीच. मंडळीत मात्र ओंजळीत वरून ओतलेल्या पाण्याची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. मी जाजमावर बसून ऐकायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मी सॅनेटोरियममध्ये असतानाच मंडळीला नवे पाळक आले होते. नगरकडचे, तिशीच्या आतले, सायकलवरून भुकूम-लवळ्यापर्यंतची घरं गाठणारे. माणूस कामसू होता. उपासना वेळेवर सुरू करायची म्हणून त्यांनी घड्याळ आणलं, गाताना पुरुषांनी आणि बायकांनी एका वेळी सूर धरावा म्हणून शनिवारी सराव ठेवला. थोडी कुरकुर झाली पण सगळ्यांनी चालवून घेतलं. मी परत आल्यावर महिन्याभरात त्यांनी भिंतीवर एक तक्ता लावला. तोंडातून तोंडात रोगाचे जंतू कसे जातात याची चित्रं होती, जंतू चांगले मुंगळ्याएवढे काढलेले. मग त्यांनी पेटीतून एक लाकडी तबक काढलं. तबकाला भोकं आणि प्रत्येक भोकात अंगठ्याएवढा काचेचा पेला. म्हणाले, "पुढच्या प्रभुभोजनापासून प्रत्येकाला आपापला पेला असावा असं मला वाटतं. शहरातल्या मंडळ्यांत आता असंच करतात."

तीस-एकतीस माणसं तबकाकडे बघत होती आणि बघून झालं की माझ्याकडे. मी समोर तक्त्यावरच्या मुंगळ्यांकडे बघत बसले.

त्या आठवड्यात मंडळीचे सरळ दोन भाग पडले. खडकीच्या कारखान्यात कामाला जाणारा एक गृहस्थ होता, त्याने उघडच सांगितलं की लहान पेले आले नाहीत तर तो प्रभुभोजनाला बसणार नाही. त्याच्या मागे पाच-सहा घरं. त्यातली बरीचशी पलीकडच्या वाड्यातली होती, त्यामुळे इकडची माणसं आणखी चिडली. तुम्हाला आमचं उष्टं नको झालंय, बघा शेवटी जात दाखवलीत, असं कोणीतरी बोललं. मग पन्नास वर्षांत कोणी काढलं नव्हतं ते सगळं निघालं. कोणाच्या आजीने कोणाच्या घरची भाकरी टाकून दिली होती, कोण लग्नाला आला आणि जेवला नाही. दोन घरं उपासनेला यायची बंद झाली. शाळेत माझ्या वर्गातली मुलंसुद्धा दोन बाजूंनी बसायला लागली. मी एकेकाला उठवून बसवलं, पण मधल्या सुट्टीत पुन्हा तेच.

एक दिवस शाळा सुटल्यावर मी पाळकांना रस्त्यात गाठलं आणि सरळ विचारलं, "साहेब, हे पेले माझ्यामुळे का?"

ते सायकलवरून उतरले. "मी तबक मागवलं तेव्हा तुम्ही यायच्या होतात," ते म्हणाले. "माझा थोरला भाऊ याच आजाराने गेला. तेव्हापासून माझ्या मनात होतं. पण तुम्ही आल्यावर मी घाई केली, हे खरं आहे. थांबायला हवं होतं."

खरं बोलणाऱ्या माणसावर रागावता येत नाही. मोठी गैरसोय होते. मी "बरं" म्हणून घरी आले.

मग मंडळीची बैठक झाली. सासरे उठून उभे राहिले. त्यांच्या आवाजाला वयाने काही झालं नव्हतं. म्हणाले, "आमच्या बापजाद्यांनी हा प्याला हातात घेतला तवा त्यांचे हात कापत हुते. तुमी आता काचंची बोळकी आणताय. ज्याचं त्याचं येगळं. मग गावात काय वाईट हुतं? तितं बी येगळंच हुतं की! आन हे माझ्या सुनंमुळं म्हणत आसाल तर ऐका, ती माझी सून हाय. ती प्यालेला प्याला मी पिईन. आजून काय पायजे?"

इकडच्या लोकांनी माना हलवल्या. एकदोघांचे डोळे ओले झाले. मी बायकांमध्ये बसले होते. जिभेवर आलं होतं, मामा, मग घरात माझ्या हातचं पाणी का नाही घेत? एवढं एक वाक्य बोलले असते तर बैठक तिथेच संपली असती. पण सगळ्या मंडळीसमोर त्या म्हाताऱ्या माणसाचं तोंड काळं करून मी कुठे जाणार होते? मी मूग गिळून बसले. आयुष्यात जे थोडे वेळा मला हे जमलं त्यातली ती एक वेळ.

दोन तास घासाघीस होऊन तोडगा निघाला. या तिमाहीला जुनाच प्याला फिरवायचा, सगळ्यांनी एकत्र बसायचं, कोणी घरी राहायचं नाही. लहान पेल्यांचं पुढच्या तिमाहीला ठरवू. आणि मास्तरीणबाईंनी शेवटी बसावं, म्हणजे त्यांच्या मागून कोणाला प्यावं लागणार नाही. कारखान्यातल्या गृहस्थालाही ते पटलं. मला कोणी विचारलं नाही, पण सगळे एवढे खूश झाले की मीही मान हलवली. निदान प्याला मिळणार होता. मधली दीड वर्षं मी प्रभुभोजनाशिवाय काढली होती. मला बाकी काही नको होतं, त्या अर्धवर्तुळात जागा हवी होती. ती शेवटची असली तरी चालणार होती.

शनिवारी दुपारी सासूबाई मनुका उकळत बसल्या होत्या. हे काम आमच्याच घराकडे असायचं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर तांदूळ निवडत होते, कारण आत यायची मला बंदी होती. त्या फडक्यातून रस गाळताना स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "बेताचाच केलाय. मागल्या पाळकाला गोड सोसायचं न्हाई. उरल्यालं समदं त्यालाच संपवावं लागायचं."

त्यांचा हात थांबला. माझाही थांबला.

प्रभुभोजनातला रस उरला तर तो टाकायचा नाही, ही आमच्याकडची रीत. सगळ्यांकडून फिरून आलेला प्याला पाळकांनी मेजाकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून संपवायचा. जुने पाळक ते इतकी वर्षं इतक्या सहज करत आले होते की बैठकीत कोणाला ते आठवलंच नाही. माझ्यामागून कोणी नाही असं ठरवताना सगळी मंडळी पाळकांनाच विसरली. तबक आणणाऱ्या, भाऊ गमावलेल्या माणसाला माझं उष्टं प्यावं लागणार होतं, तेही शेवटच्या थेंबापर्यंत.

मी तांदळाचं सूप तसंच टाकून पाळकांच्या घरी गेले. ते ओसरीवर सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावत होते. त्यांच्या बायकोला सातवा महिना होता. ती दारात येऊन उभी राहिली.

मी म्हटलं, "साहेब, माझ्यानंतर कोणी नाही असं नाहीये. माझ्यानंतर तुम्ही आहात."

"बैठकीतच लक्षात आलं होतं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्हाला प्याला मिळाला नसता."

त्यांच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. तिला हे माहीत होतं आणि ती या गोष्टीवरून भांडलीही असावी. मी विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटते की. खोटं कशाला सांगू?" ते म्हणाले आणि ठिगळावर अंगठा दाबून धरला.

वाटेत मी रडले. मग मला राग आला. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. माझ्या हातात प्याला येईल तेव्हा त्यात जे काय उरलं असेल ते मीच पिऊन टाकायचं. रीत मोडली तर मोडली. त्या पोटुशी बाईने दारात उभं राहून माझी भीती बाळगावी आणि तिच्या नवऱ्याने उपकार म्हणून माझं उष्टं प्यावं, हे मला नको होतं. तसंही तीस माणसांनी घोट घेतल्यावर तळाला उरणार किती, दोन घोट.

रविवारी सगळे आले. खरंच सगळे, रुसलेली दोन घरंसुद्धा. लवळ्याची माणसं सकाळी सहाला निघून चालत आली होती. गीतं झाली, उपदेश झाला. पाळकांनी उपदेशात प्याल्याचं नावही काढलं नाही. मग आम्ही अर्धवर्तुळात बसलो. पहिले सासरे, शेवटी मी. सासूबाई बायकांमध्ये त्यांच्या नेहमीच्या जागेवर, माझ्यापासून दहा-बारा जणी सोडून.

सासऱ्यांनी मोठा घोट घेतला, काठ पुसला आणि प्याला पुढे दिला. प्याला फिरत होता. एरवी त्याला बराच वेळ लागतो, त्या दिवशी तो फार लवकर माझ्यापर्यंत आला. शेजारणीने तो माझ्या हातात ठेवला आणि मला तो जड लागला.

आत पाहिलं तर प्याला जवळपास भरलेला होता.

क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. सासरे सोडले तर कोणी प्यायलंच नव्हतं. ओठ टेकवायचा, गळा हलवल्यासारखं करायचं, पुसायचं आणि पुढे द्यायचा. त्या तक्त्यावरचे मुंगळे सगळ्यांच्या डोक्यात शिरले होते. मी तर शेवटी होते, माझी भीती त्यांना नव्हती. ते एकमेकांना भ्यायले होते. लहान पेले हवे म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोन्ही बाजूंचे. प्रत्येकाला वाटलं असणार, आपण एकट्याने नाही घेतला तर कोणाला कळणार आहे?

मला हसू आलं आणि रागही. पण ठरवलं होतं ते ठरवलं होतं. मी प्याला तोंडाला लावला आणि गटागटा पिऊ लागले. रस भयंकर गोड होता. चार घोट, पाच, सहा. निम्मा संपला असेल आणि मला ठसका लागला.

क्षयातून उठलेल्या बाईने भर मंडळीत खोकणं म्हणजे काय, ते मी कोणत्या शब्दांत सांगू? मी पदर तोंडावर घट्ट दाबून खोकत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि एका हातात प्याला उंच धरला होता, सांडू नये म्हणून. मग कारखान्यातला गृहस्थ उठला आणि बाहेर निघून गेला. त्याची बायको जागची हलली नाही. पाळक मेजाजवळून माझ्याकडे यायला निघाले, हात पुढे करून.

त्यांच्या आधी सासूबाई पोचल्या. गुडघे धरतच त्या उठल्या असणार, पण मला दिसल्या त्या एकदम समोरच. माझ्या हातून प्याला काढून घेतला.

"एकटीच पितीस व्हय?" त्या म्हणाल्या, चांगल्या मोठ्यांदा. "सगळ्यांचं हाय ते. आण हिकडं."

आणि त्या प्यायल्या. काठ पुसलासुद्धा नाही. मग माझ्या शेजारणीपुढे प्याला धरून म्हणाल्या, "घे. आन ह्या टायमाला पी. मी बघतीया."

शेजारीण प्यायली. तिने पुढे दिला. जिथून प्याला आला होता त्याच वाटेने तो उलटा जाऊ लागला, माझ्यापासून दूर. सासूबाई मध्ये उभ्या राहून एकेकीच्या गळ्याकडे बघत होत्या. कारखान्यातल्या गृहस्थाच्या बायकोकडे प्याला आला तेव्हा तिने दाराकडे एकदा पाहिलं, डोळे मिटले आणि घोट घेतला. तिचा नवरा पुढच्या तिमाहीला परत आला. तेव्हा लहान पेलेच होते आणि त्यांना कोणाचीच हरकत उरली नव्हती. ज्यांना एकमेकांचं उष्टं पिऊन दाखवायचं होतं त्यांचं ते दाखवून झालं होतं. मग पेला केवढा का असेना.

बायका संपल्या, पुरुषांची रांग सुरू झाली. माझा नवरा प्यायला आणि माझ्याकडे बघून कसनुसा हसला. शेवटी प्याला सासऱ्यांकडे आला.

त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. सगळ्यांना वाटलं आता ते पितील. ते पिईनात. ते प्याल्यात बघत राहिले आणि मला वाटलं, झालं, आता हे "ठेव खाली, घेतो" म्हणणार.

मग ते उठून उभे राहिले. बैठकीतला तो आवाज आता नव्हता.

"मी बैठकीत लई बोललो," ते म्हणाले. "ती प्यालेला प्याला मी पिईन म्हनलो. घरात मी तिच्या हातचं पानी घेत न्हाई. ती आल्यापास्नं घेतलं न्हाई. ती भांडं फुडं करायची आन मी ठेव म्हनायचो. मला ठावं हुतं वरनं पानी घातल्यावर कसं वाटतं. तरी बी म्हनलो."

एवढं बोलून ते खाली बसले आणि प्याला रिकामा होईपर्यंत प्यायले.

पाळकांनी रिकामा प्याला हातात घेतला, आत पाहिलं आणि तो मेजावर ठेवून दिला. त्यांना संपवायला काही राहिलंच नव्हतं. मी पदराने तोंड पुसलं. खोकला थांबला होता, रडू थांबत नव्हतं, आणि मला ते थांबवायचंही नव्हतं.

त्या दिवशी माझ्यानंतर एकोणतीस माणसं प्यायली. दुसऱ्या खेपेलाही नुसता ओठ टेकवणारी त्यात चौघं होती. तीही मी धरली आहेत.